खिडकीवाली पिशवी

बाईंविषयी लिहायचं तर शांतपणे लिही, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. शांतपणे लिहायचं म्हणजे लातूर शहराविषयी माझ्या मनात जे आहे ते गिळायचं, आणि ते काही माझ्या घशाखाली उतरत नाही. शिवाय बाई स्वतः कुठं कधी शांत होत्या? त्यांना कुणी "बाई, शांत व्हा" म्हणालं की त्या म्हणायच्या, "का? गेले का मी?"

लातुरात एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला एक लांबट पत्र्याचं शेड होतं. तिथं बाई शाळेची दप्तरं शिवायच्या. म्हणजे शिवून घ्यायच्या, आठ-दहा बायांकडून. पण मशीनवर स्वतः बसल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. ह्या शेडला कुणी 'गृहउद्योग' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "घर तिकडं हाय, झोपायला. हा कारखाना हाय," असं तिथल्या तिथं सुनावायच्या. एकदा कुठल्याशा सभेत बँकेच्या मॅनेजरनं त्यांची ओळख 'आपल्या जिल्ह्यातील महिला उद्योजिका' अशी करून दिली. बाईंनी खुर्चीतूनच विचारलं, "मग तुम्ही पुरुष मॅनेजर का?" लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

मी औशाची. बी.कॉम. झाले आणि पहिली नोकरी शोधत त्यांच्याकडं गेले. मार्कशीट त्यांनी बघितलंच नाही. मला पाठमोरी उभी केली आणि म्हणाल्या, "दप्तर उजव्या खांद्यावर घेत होतीस. खांदा उतरलाय तुझा." मग म्हणाल्या, "उद्यापासून ये. फोन घ्यायचे, मापं लिहायची, आन् माझ्या पुढं पुढं करायचं न्हाई."

रस्त्यानं जाताना कुठलंही पोरगं दिसलं की बाई त्याला थांबवून त्याचं दप्तर मागून उचलून बघायच्या. आईबाप सोबत असले तर त्यांची शाळा व्हायची. "ह्याला शिकायला पाठवताव का हमालीला?" पट्टा सैल असला तर भर रस्त्यात गुडघ्यावर बसून बक्कल ओढून द्यायच्या, दप्तर दुसऱ्या कुणाचं का असेना. नवीन माल तयार झाला की त्यात विटा भरून तो शेडच्या आढ्याला लटकवायच्या आणि दिवसभर तसाच ठेवायच्या. त्या लटकलेल्या दप्तरांच्या खालून आम्ही डोकं वाचवत फिरायचो. बोलताना ओठात टाचणी असायची. टाचणी ओठात धरूनही त्यांचा एकेक शब्द लख्ख ऐकू यायचा, आणि टाचणी काढून त्या बोलायला लागल्या की समजायचं, आज कुणाची तरी खैर नाही.

मूळच्या त्या नायगावकडच्या. नवरा लवकर गेला. मग नांदेडला जीपगाड्यांच्या सीटची कव्हरं शिवली, आणि पुढं लातूरला आल्या, कारण इथं क्लासेससाठी सगळ्या मराठवाड्यातून पोरं येतात आणि त्यांची ओझी काही केल्या कमी होत नाहीत. हे सगळं त्यांनी एकदाच, कापड कापता कापता सांगितलं. मी अजून काही विचारायला गेले तर म्हणाल्या, "तू काय करून राहिली? ऐकून राहिली का लिहून राहिली? माप लिही."

दप्तरांचा हंगाम जूनचा. म्हणून हिवाळा सरताच माल शिवून ठेवायला लागायचा. ज्या वर्षी टाळेबंदी आली त्या वर्षी शेड छतापर्यंत भरलं होतं. निळी, गुलाबी, कार्टूनच्या चेहऱ्यांची दप्तरं. क्लासची पोरं मिळेल त्या गाडीनं गावी गेली. शाळा बंद पडल्या. जून आला तसा गेला. दप्तरांवरचे हसरे चेहरे आमच्याकडं बघत बसले.

सगळ्यांनी मास्क शिवले तसे आम्हीही शिवले. एका पुढाऱ्याचा माणूस आला. हजारांनी मास्क हवे म्हणाला, फक्त प्रत्येकावर साहेबांचा फोटो छापायचा. बाईंनी टाचणी काढली. "लोकांच्या तोंडावर तुमच्या साहेबाचं तोंड कशाला?" तो म्हणाला, बाई, ऑर्डर मोठी आहे. बाई म्हणाल्या, "तोंड बी मोठं हाय त्यांचं. मास्कात बसायचं न्हाई." ती ऑर्डर गेली. बाया चार दिवस बाईंवर रुसल्या. मीही रुसले. तत्त्व त्यांचं होतं, पण घरी बसायची पाळी सगळ्यांची होती, आणि हे बाईंच्या बाबतीत पुढंही होणार होतं.

त्याच वर्षाच्या शेवटी नांदेडला त्यांचा धाकटा भाऊ गेला. सरकारी कचेरीत शिपाई होता. बाई जाऊन आल्या आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर बसल्या. आम्ही विचारलं नाही.

मग दुसरी लाट आली. ती ज्यांनी बघितली त्यांना सांगायला नको. दवाखान्याच्या भांडारातून एक दिवस फोन आला, तो मीच घेतला. मृतदेह ठेवायच्या पिशव्या संपल्या होत्या, बाहेरून येणारा माल वाटेत अडकला होता, तुम्ही दप्तरं शिवता तर ह्या शिवून द्याल का, असं पलीकडचा माणूस विचारत होता. आवाज असा थकलेला, की त्याला नाही कसं म्हणायचं हे मला सुचेना. मी फोन बाईंकडं दिला. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "नमुना पाठवा."

नमुना आला. पांढरी, जाड प्लास्टिकच्या कापडाची, मधोमध चेन. बाईंनी ती कटिंगच्या टेबलावर पसरली, चपला काढल्या आणि आत शिरून आडव्या झाल्या. आम्ही बघतच राहिलो.

"चेन लाव," त्या मला म्हणाल्या.

मी गळ्यापर्यंत ओढली. पुढं माझा हात होईना.

"पुरी लाव म्हणलं ना."

शेवटी शकुंतलानं लावली. शकुंतला आमच्यातली सगळ्यात जुनी शिवणारी, औशाजवळच्याच गावची, मराठ्याघरची. नवऱ्याची थोडी जमीन, पण तिच्या शिवणावरच घर चालायचं. तिनं चेन डोक्यापर्यंत नेली आणि दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी राहिली. टेबलावर फक्त एक पांढरं गाठोडं उरलं. त्यात बाई आहेत हे माहीत असूनही मला तिथं कुणीच दिसेना.

आतून टकटक झाली. आम्ही चेन उघडली. बाई घामानं भिजल्या होत्या. उठून बसल्या आणि पहिली गोष्ट काय बोलल्या, तर, "चेनचा रनर हलका हाय. अर्ध्यात अडकंल. आन् धरायला काहीच न्हाई, चौघं उचलायचे कसे?" मग पाणी प्यायल्या आणि खाली बघून म्हणाल्या, "नांदेडला मला लांबनं असलंच एक गाठोडं दाखिवलं. हात जोडा म्हणाले, जोडले. तो माझा भाऊ होता का कोण होता, मला आजबी ठाऊक न्हाई."

त्यांनी पिशवीवर चेहऱ्याच्या जागी बोट ठेवलं.

"हिला खिडकी पायजे," बाई म्हणाल्या.

आमच्या प्रत्येक दप्तराला पुढं पारदर्शक प्लास्टिकचा एक कप्पा असायचा, पोराचं नाव आणि वर्गाची चिठ्ठी घालायला. त्या प्लास्टिकचे तागे शेडमध्ये पडून होते. बाईंनी त्यातलाच तुकडा कापला, चेहऱ्याच्या जागी दुहेरी शिवणीनं बसवला, शिवणीवर आतून-बाहेरून टेप चिकटवली आणि वरून झाकण घातलं. झाकण उचललं की चेहरा दिसेल, लावलं की पिशवी बाकीच्या पिशव्यांसारखीच दिसेल. दोन्ही बाजूंना दप्तराच्या पट्ट्याचे कान शिवले. पहिली पिशवी त्यांनी एकटीनं शिवली, कारण बाकी कुणी मशीनला हात लावायला तयार नव्हतं.

"बाई, आमच्या घरी कळलं तर उंबरा चढू द्यायचे न्हाईत," शकुंतला म्हणाली.

"मग सांगू नको."

"हाताला वास येईल की."

"कशाचा? कोरं कापड हाय हे. मेलेलं माणूस नंतर येतंय त्यात."

"तसं न्हाई बाई, मनाला येतंय."

"मनाला येतंय ते ठीक हाय," बाई म्हणाल्या. "मला बी येतंय."

बाईंनी कुणाला जबरदस्ती केली नाही. आपल्याच मशीनवर शिवत राहिल्या. मग त्याच आठवड्यात शकुंतलाचे चुलत सासरे दवाखान्यात वारले आणि त्यांना ताडपत्रीत गुंडाळून, वर सुतळी बांधून नेलं. ती परत आली ती सरळ आपल्या मशीनवर बसली, कापड ओढून घेतलं आणि शिवायला लागली. तिच्यामागं एकेक करत सगळ्या बसल्या. त्या दिवसांत शेडमध्ये दोनच आवाज असायचे. मशीनचा आवाज आणि बाहेर रस्त्यावर गाड्यांचे भोंगे.

माझ्या आईनं फोनवर विचारलं, "आता कशाची ऑर्डर हाय गं?" मी सांगितलं. ती थोडं थांबून म्हणाली, "तिथलं पाणी पिऊ नको." ती मला पहिल्यापासूनच हे सांगायची, पिशव्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मी फोन ठेवून बाईंच्या माठातलं दोन तांबे पाणी प्यायले.

पहिला माल घेऊन बाई आणि मी भांडाराच्या साहेबांकडं गेलो. त्यांनी एक पिशवी उलटीपालटी केली आणि झाकणावर बोट ठेवलं.

"ही खिडकी कशाला?"

"तोंड बघायला."

"स्पेसिफिकेशनमध्ये खिडकी नाही."

"माणसाला तोंड असतंय, ते बी लिवलं न्हाई का त्याच्यात?"

साहेब कपाळ चोळत म्हणाले, "बाई, नियम मी केले नाहीत. संसर्गाचा प्रश्न आहे."

"प्लास्टिक ते बी हाय, हे बी हाय. शिवणीवर टेप मारलीय, पाणी ओतून बघा. नियम मोडा म्हणत न्हाई मी. झाकण लावलंय. झाकलं की तुमचा नियम, उचललं की माझी खिडकी."

"आणि मी परत पाठवल्या तर?"

"तर आज रातच्याला कशात घालताव?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी मागं वळून रिकाम्या मांडणीकडं बघितलं. मग शिपायाला म्हणाले, उतरवून घे. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पुढचे कित्येक आठवडे आमच्या पिशव्या खिडकीसकट जात राहिल्या.

ती खिडकी कामाला आलेली मी एकदाच डोळ्यांनी बघितली. माल उतरवून आम्ही निघालो होतो. नातेवाइकांना अडवायला बांधलेल्या दोरीच्या अलीकडं एक माणूस उभा होता, धोतर, टोपी, नाकाला उपरणं बांधलेलं. कुठंच खाट मिळाली नाही म्हणून बायकोला हदगावहून इथवर आणली होती, असं तो ज्याला त्याला सांगत होता. आतून स्ट्रेचर आलं. कर्मचारी थांबला, त्यानं झाकण उचललं. तो माणूस दोरीवरून वाकला, नीट बघितलं आणि मान हलवली. "हाव," म्हणाला, "आमचीच हाय." झाकण पडलं, स्ट्रेचर गेलं. तो तिथंच उकिडवा बसला आणि मोकळेपणानं रडला. बाई रिक्षाकडं चालू लागल्या. शेडवर आल्यावर त्यांनी एका बाईला तिरकी शिवण घातली म्हणून असं झाडलं की ती रडायला लागली.

लाट ओसरली. बाहेरून माल यायला लागला, तसा आमचा बंद झाला. बिनखिडकीच्या पिशव्या पुन्हा आल्या. बाईंनी साहेबांना फोन करून विचारलं, "खिडकीला काय तक्रार आली का?" साहेब म्हणाले, तक्रार नाही, पण ते स्पेसिफिकेशनबाहेरचं काम होतं, तुम्ही विषय वाढवू नका. बाई फोन ठेवून म्हणाल्या, "लोकं मरायची कमी झाली की त्यांना तोंडं बी नसतात वाटतं."

माझा खरा राग इथून पुढचा आहे.

शाळा उघडल्या. दोन वर्षं साठलेला माल निघणार म्हणून आम्ही दप्तरं झाडून पुसून ठेवली. गोलाईतला, म्हणजे लातूरच्या मुख्य बाजारातला, एक ठोक व्यापारी आमचा अर्ध्याहून जास्त माल उचलायचा, वर्षानुवर्षं. त्याला बाई शेठ म्हणायच्या. तो शेडवर यायचा, खुर्ची घ्यायचा, चहा समोर ठेवला की म्हणायचा, "आताच झाला." दर वेळी आताच झालेला असायचा. मला ह्याचा अर्थ कळायला फार वेळ लागला. बाईंना पहिल्याच वेळी कळला असणार, तरी त्या दर वेळी त्याच्यासमोर चहा ठेवायच्या.

त्या वर्षी तो आला तेव्हा खुर्चीवर बसला नाही. दप्तरांकडं लांबूनच बघत म्हणाला, "बाई, ह्यावेळी न्हाई जमायचं."

"का?"

"लोकात झालंय. इथं मयताच्या पिशव्या शिवल्या म्हणून. लेकरांच्या पाठीवर द्यायची वस्तू. शुभ-अशुभ असतंय ना."

"ही दप्तरं त्याच्या आधीची हाईत, शेठ. तुमच्याच ऑर्डरची."

"असतील. मशीन तीच ना."

बाई गप्प बसल्या म्हणून त्याला वाटलं असेल की अजून समजावून सांगायला पाहिजे. तो अगदी आपुलकीनं म्हणाला, "तुमचं काय, तुम्हाला चालतंय. तुमच्याकडं हे पहिल्यापासूनच हाय. पण आम्हाला गिऱ्हाइकाचं बघावं लागतंय."

बाईंच्या आजोबांनी गावातली मेलेली जनावरं ओढायचं काम धम्म घेतला त्या वर्षी सोडलं होतं. त्यापायी गावानं त्यांचं पाणी, दळण, मजुरी सगळं तोडलं होतं, आणि ते कुटुंब तिथून जे हाललं ते पुन्हा त्या कामाकडं गेलं नाही. मुलं शिकली, नोकऱ्या लागल्या. त्या आजोबांची नात स्वतःच्या कारखान्यात, स्वतःच्या मशीनसमोर उभी होती आणि हा माणूस तिला सांगत होता की तुमच्याकडं हे पहिल्यापासूनच आहे. साथीत अख्खं शहर दारं लावून बसलं होतं तेव्हा जिनं मेलेल्यांची आबरू राखली, तिला.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी हातानं थांबवलं. त्याला म्हणाल्या, "चा घेता का?"

"आताच झाला," तो म्हणाला, आणि गेला.

पुढच्याच आठवड्यात बाईंनी पेंटर बोलावला. शेडवर तोपर्यंत नुसतं दप्तरांचं नाव होतं. त्यांनी मजकूर कागदावर लिहून दिला: येथे शाळेची दप्तरे व मृतदेहांच्या पिशव्या शिवून मिळतील. पेंटरनं दोनदा वाचलं. "ताई, दुसरी वळ बारीक करू का? खाली, कोपऱ्यात?"

"दोन्ही वळी एकाच मापाच्या," बाई म्हणाल्या. "लांबनं वाचता आल्या पायजेत."

बोर्ड लागला आणि उरलंसुरलं गिऱ्हाईकही तुटलं. लोक रस्त्यावर थांबून फोटो काढायचे. कुणी हसायचं. शेजारच्या गॅरेजवाल्यानं हात जोडून विनंती केली की माझ्याही धंद्याला झळ बसतेय. बाई म्हणाल्या, "लबाड काय लिवलंय ते दाखवा, पुसते." त्यात लबाड काहीच नव्हतं, तीच तर अडचण होती.

एका सकाळी बाया कामाला बसल्याच नाहीत. काम नव्हतंही फारसं. सगळ्या टेबलाभोवती उभ्या राहिल्या आणि शकुंतला पुढं झाली.

"बाई, बोर्ड काढा."

"का गं? शिवल्या न्हाईत का आपण?"

"शिवल्या. मी शिवल्या, माझ्या हातानं. मला लाज न्हाई त्याची."

"मग?"

"तुमचा राग खरा हाय बाई. पण तो तुम्ही भिंतीवर लावलाय, आन् चूल माझी विझून राहिली. तो शेठ मजेत हाय. मार कुणाला बसलाय बघा जरा."

बाईंनी ओठातली टाचणी काढली. आम्हाला वाटलं आता वादळ येणार. पण त्या नुसत्या बघत राहिल्या, एकेकीच्या तोंडाकडं. मग म्हणाल्या, "तू म्हणतीस ते बरोबर हाय." आणि टाचणी परत ओठात धरून, "पर बोर्ड काढायचा न्हाई."

त्या दिवशी मी बाईंशी पहिल्यांदा भांडले. म्हणाले, हा हट्ट आहे, ह्याला तत्त्व म्हणू नका. त्या म्हणाल्या, "माझ्या आज्यानं काम सोडलं ते भिऊन न्हाई सोडलं. मी केलं ते बी कुणी लावलं म्हणून न्हाई केलं. माझं मी केलं. ते आता लपवलं तर तो म्हणतोय तसंच हाय असं होतंय." मला तेव्हा ते पटलं नाही. आजही पूर्ण पटतं असं नाही. महिन्याभरात मी नांदेडला एका गोदामात नोकरी धरली. जाताना त्यांनी माझा उजवा खांदा दाबून बघितला आणि म्हणाल्या, "तसाच हाय अजून."

नंतरची गोष्ट मला शकुंतलाकडूनच फोनवर कळली. बाईंनी एक टेम्पो बोलावला आणि दोन सोडून सगळ्या मशीन तिच्या घरी पाठवून दिल्या, उरलेल्या कापडासकट. म्हणाल्या, तुझ्या नावानं शिव, तुझ्या नावानं विक, बाकीच्यांना तिथंच घे. शकुंतला म्हणाली, "मी रडले, नको म्हणलं. तर म्हणल्या, मशीन नुसती ठेवली की गंजती. आन् वर म्हणल्या, शेठकडंच जा आधी."

शकुंतला त्या व्यापाऱ्याकडं गेली. त्याला सगळं ठाऊक होतं. कोण बाई, कुठं शिवायची, काय शिवायची, मशीन कुणाच्या. शेडवर येऊन त्यानं तिला वर्षानुवर्षं त्याच मशीनवर बघितलं होतं. त्यानं फक्त एक विचारलं, "मशीनला नारळ फोडलास का?" ती म्हणाली, फोडते. त्यानं ऑर्डर दिली. तिथं शकुंतलानं चहाही घेतला. तो तिच्या घरी माल बघायला आला तेव्हा त्यानंही घेतला.

हे ऐकल्यावर मी रजा टाकून लातूरला गेले. आधी गोलाईत त्याच्या दुकानात. दप्तरं लटकत होती, आमचंच कटिंग, आमचीच शिवण. त्यानं मला ओळखलं नाही. "घ्या ताई, एकदम मजबूत माल हाय," म्हणाला, "आपल्याच घरगुती बायांनी शिवलेला." तो 'आपल्याच' शब्द मला अजून ऐकू येतो. मशीन त्याच, कापड तेच, शिवणारे हातही तेच. त्यातून वजा झाल्या होत्या त्या फक्त बाई. म्हणजे पिशवीचा विटाळ कधी नव्हताच. तो एका नारळानं फिटला असता. जे नारळानं फिटत नाही ते वेगळंच होतं, आणि साथीच्या आधीपासून, दर चहाच्या वेळी, ते तिथंच होतं.

तिथून तरातरा शेडवर गेले. बाई एकट्याच शिवत होत्या. रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर अधूनमधून येतात, हायवेच्या अपघातांसाठी 'खिडकीवाली द्या' म्हणून मागून नेतात, त्याच पिशव्या. मी उभ्या उभ्याच सगळं ओकले. म्हणाले, मी आता परत जाते आणि भर गोलाईत त्याला विचारते, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारते, की ही दप्तरं कुठल्या मशीनवर शिवलीत ते सांग.

बाईंनी मशीन थांबवली.

"आन् मग?"

"मग कळू दे लोकांना."

"काय कळंल? लोकं दप्तर ठेवून देतील. तो शकुंतलाचा माल बंद करंल. दुसरं काय हुईल?"

मी समोरच्या रिकाम्या स्टुलावर बसले.

"तुला आज कळलं व्हय हे?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मला तवाच कळलंतं. म्हणून तर तिला पयलं त्याच्याकडंच धाडलं. म्हणलं बघू, मशीन नको का मी नको." त्यांनी पायडलवर पाय ठेवला, पण मशीन चालू केली नाही. "मशीनला नारळ चालतोय. मला चालंना. चालायचा बी न्हाई, मी फोडू देणार न्हाई. पर तू तिथं बोलायचं न्हाई. आठ-दहा घरं हाईत त्या मालावर."

"मग मी करू काय बाई?"

"मला काय इचारतीस? राग तुला आलाय."

मी शब्द पाळला. गोलाईत गेले नाही, कुणाला काही बोलले नाही. पण न बोलणं निराळं आणि न लिहिणं निराळं, आणि बाईंनी लिहू नको असं म्हटलेलं नव्हतं. शकुंतला हे तिचं खरं नाव नाही. तिचं गावही मी बदललं आहे, तिच्या घराची खूण सापडेल असं इथं काही ठेवलेलं नाही. त्या व्यापाऱ्याच्या बाबतीत मात्र मी एकही गोष्ट बदललेली नाही. वाचताना त्याला स्वतःला ओळखायला अडचण पडू नये, एवढी काळजी घेतली आहे.